आमच्या तोंडात हात घालणार कोण?

दाढदुखी हा काय चळवळीचा प्रश्न आहे, असं आपलेच काही शहाणे विचारतील. विचारू द्या. मोर्चे जमिनीचे निघाले, नामांतराचे निघाले, राखीव जागांचे निघाले. दाढेचा मोर्चा कुणी काढला नाही. म्हणूनच ती वस्तीत गुपचूप कुजते. तिचा पू जबड्यात उतरतो. आणि ज्याच्या रक्तातच दुखणं आहे, किंवा ज्याच्या फुफ्फुसात दगडाची नायतर कचऱ्याची धूळ बसली आहे, त्या माणसाला ती दाढ खाटेवर आडवं करते. तो दवाखान्यात जातो. डॉक्टर म्हणतो, तोंड उघडा. मग विचारतो, काही आजार? सिकलसेल. हिमोफिलिया. टीबी. दमा. झालं! डॉक्टरचा हात तिथंच थांबतो. तो हातमोजा काढतो, कागद पुढं ओढतो आणि म्हणतो, आधी फिटनेस घेऊन या.

या थांबलेल्या हाताबद्दल बोलायचं आहे.

१

हात थांबतो ही गोष्ट आजची नाही. १९२९ साल. काठियावाडातला एक अस्पृश्य शाळामास्तर. बायको बाळंत झाली आणि लगेच आजारी पडली. बरगड्यांत कळा, श्वास लागेना. मास्तर डॉक्टरकडे धावला. डॉक्टर म्हणाला, तुमच्या वस्तीत मी पाय ठेवणार नाही. मास्तरनं गावच्या नगरशेटची विनवणी केली. दोन रुपये फी ठरली, नगरशेट जामीन राहिला. तरी अट राहिलीच, बाई वस्तीच्या बाहेर आणायची. ओली बाळंतीण तान्ह्या पोरासकट बाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर काढलं ते एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं. त्यानं मास्तरच्या हातात दिलं. मास्तरनं बायकोला लावलं. परतही ते त्याच वाटेनं गेलं. डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात पारा बघितला आणि रोगाचं नाव सांगितलं, न्यूमोनिया. औषध पाठवून दिलं. पुन्हा बघायला आला नाही. बाई मेली. मास्तरचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलं. बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये उतरवून ठेवलं, आपण विसरू नये म्हणून.

नीट बघा दोस्तांनो. रोगाचं नाव सांगितलं गेलं. औषध गेलं. फी घेतली गेली. कागदोपत्री सगळं झालं. फक्त हात लागला नाही. फुफ्फुसाच्या रोग्याच्या छातीला कान लावावा लागतो, तो कुणी लावला नाही.

त्याच बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या मंडळासाठी एक भाषण लिहिलं, जे मंडळानं होऊच दिलं नाही. त्यात त्यांनी पेशवाईतल्या पुण्याची आठवण दिली आहे. अस्पृश्यानं गळ्यात मडकं अडकवायचं आणि थुंकायचं ते त्यात. जमिनीवर आपली थुंकी पडली तर जमीन बाटायची, आणि तिच्यावर पाय पडला तर वरचा माणूस बाटायचा.

आता डॉक्टरीच्या सगळ्या शाखा डोळ्यांपुढं आणा. छाती तपासायची तर सदऱ्यावरून नळी लावता येते. डोळ्यात लांबून बॅटरी मारता येते. रक्ताचा रिपोर्ट तर माणसाचं तोंडही न बघता वाचता येतो. दात मात्र लांबून काढता येत नाही. त्यासाठी बोटं तोंडात घालावी लागतात. थुंकीत, रक्तात, समोरच्याच्या श्वासासमोर तोंड नेऊन काम करावं लागतं. ज्या थुंकीसाठी मडकं होतं, त्याच थुंकीत हात. म्हणून मी म्हणतो, या देशात माणसाला माणूस मानलं की नाही हे बघायचं असेल तर देवळाच्या पायरीइतकंच दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीकडेही बघा.

आज कुणी मडकं बांधायला सांगत नाही, हे खरं. दाताचा डॉक्टर जात विचारून नकार देतो असं सरसकट ठोकून देणं खोटं होईल. पुष्कळ डॉक्टर खरंच भितात. आपल्यातल्या पोरापोरींनी दाताच्या डिग्र्या घेतल्या, त्याही भितात. जातीला आता खुर्चीशेजारी उभं राहायची गरजच उरलेली नाही. तिचं काम आधीच उरकलेलं असतं. कोण कुठली धूळ गिळतो, कोण किती लांबून येतो, कुणाचा रोज बुडतो, कुणाच्या शब्दाला केसपेपरच्या खिडकीवर वजन आहे, हे सगळं तिनं आधीच वाटून ठेवलेलं असतं. डॉक्टरची भीती मग शेवटचं दार लावते.

२

मीरा-भाईंदर घ्या. १९८५ ला इथं नगरपालिका झाली. २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत माणसं मोजली ८ लाख ९ हजार ३७८. मिठागरं, शेतं आणि कोळीवाडे होते तिथं टॉवर उभे राहिले. टॉवर आपोआप उभे राहत नाहीत. डोंगर फोडावा लागतो, खडी करावी लागते, सिमेंट कालवावं लागतं. खडीची धूळ साधी धूळ नसते. दगडातली सिलिका फुफ्फुसात जाऊन बसते ती परत निघत नाही. फुफ्फुस दगडासारखं कडक होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारं औषध नाही. अशा फुफ्फुसाला टीबीचा जंतू मारायची ताकद राहत नाही, म्हणून दगडखाणीतल्या माणसाला टीबी लवकर धरतो.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. गाळ्यांत भांडं चकचकीत होतं आणि पॉलिशवाला काळा होतो. तोंडाला फडकं बांधून तो दिवसभर चाकासमोर बसतो. फडक्यातून काय काय आत जातं ते संध्याकाळी शिंकरल्यावर दिसतं. शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. तो उचलणारा, ओला-सुका हातानं निवडणारा, गटारात काठी घालणारा माणूस कोण, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. वास सहन व्हावा म्हणून तो तोंडात तंबाखू धरतो. मग दाताच्या डॉक्टरकडे गेला की पहिलं वाक्य ऐकतो, 'तुम्ही लोक तंबाखू खाता, मिश्री लावता, मग दात कसे राहणार?' तंबाखू वाईट आहे, सोडलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण बिनवासाचं काम कुणाला दिलं आणि वासाचं कुणाला, हे त्या 'तुम्ही लोक'मध्ये कुठं येत नाही.

हे झालं फुफ्फुसाचं. रक्ताचं ऐका.

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. या पट्ट्यात आपल्या बौद्ध घरांत आणि गोंड-माडियांसारख्या आदिवासींत सिकलसेल आहे. नंदुरबारच्या भिल्ल-पावऱ्यांत आहे, मेळघाटात आहे. रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नळीत अडकते आणि पुढचा रक्ताचा रस्ता बंद करते. मग हाडं ठणकतात, छाती भरते, पोरगं गडाबडा लोळतं. ज्या विळ्यानं आमच्या आयांनी जन्मभर दुसऱ्याचं पीक कापलं, तोच विळा पोरांच्या रक्तात. कुणी म्हणेल, तुमचं रक्तच तसलं. त्याला सांगा, हे जनुक मलेरियाच्या मुलखात टिकलं, कारण एकच खराब जनुक असलेल्या, म्हणजे एएस, पोराला मलेरिया सहज मारू शकत नाही. आईबाप दोघंही एएस असले तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक धोका की पोर एसएस, म्हणजे रोगी, निघेल. आणि बेटीबंदीच्या भिंतींनी हे जनुक त्याच त्या घरांत फिरवत ठेवलं. दोष रक्ताचा नाही. भिंत कुणी बांधली ते विचारा.

त्या मुलखातली घरं पोटासाठी मुंबईकडे आली. मुंबईत जागा परवडेना म्हणून दहिसरच्या पलीकडे आली. सोबत रक्तही आलं. भाईंदरच्या डॉक्टरला सिकलसेल म्हणजे पुस्तकातलं एक पान. तो रोग्याकडे बघतो तेव्हा त्याला परीक्षेतला प्रश्न आठवतो आणि उत्तर आठवत नाही.

३

उत्तर मात्र आहे. ते कुणा ऋषीनं गुहेत लपवलेलं नाही. दाताच्या शिक्षणात ते शिकवतात. आपण कार्यकर्त्यांनीही ते पाठ करावं, कारण 'जमणार नाही' म्हणणाऱ्यापुढं 'हे असं जमतं' म्हणणारा कुणीतरी उभा पाहिजे.

सिकलसेल. अशा पोराची दाढ कुजू देणं हाच मोठा धोका. पू झाला, ताप आला की विळे वाढतात, कळ सुटते. म्हणून थांबायचं नाही. कळ चालू नसताना, आदल्या दिवसापासून भरपूर पाणी पाजून, थंडगार खोलीत न ठेवता, थोडक्या वेळात काम करायचं. जागेवरची भूल देऊन दात भरता येतो, काढताही येतो. पूर्ण बेशुद्ध करायचं असेल तर मोठं इस्पितळ आणि भुलीचा जाणकार डॉक्टर पाहिजे, कारण प्राणवायू कमी पडला की पेशी वाकतात. आणि एक ध्यानात ठेवा. कधी कधी दाढ चांगली असते आणि जबडा ठणकतो, कारण जबड्याच्या हाडातच रक्त अडकलेलं असतं. तिथं दाढ उपटणं म्हणजे चोर सोडून साव धरणं.

हिमोफिलिया. यात रक्त गोठवणारा एक घटक कमी असतो, फॅक्टर आठ किंवा नऊ. हा रोग जात बघून येत नाही. फॅक्टर वेळेवर मिळतो की नाही हे मात्र ऐपत बघून ठरतं. दाढ काढायच्या आधी फॅक्टर द्यायचा, जखमेला टाके घालायचे, ट्रानेक्झामिक ॲसिड नावाचं औषध द्यायचं. ते गोळीनंही देतात, चूळ भरायलाही देतात. खालच्या जबड्यात मागं जी खोल सुई मारतात ती फॅक्टर दिल्याशिवाय मारायची नाही. आत रक्त साकळून घशाची वाट दाबली जाऊ शकते. दुखण्यावर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नाही; पॅरासिटामॉल चालतं. एवढं पाळलं तर हिमोफिलियाच्या माणसाची दाढ निघते. जगभर निघते.

थॅलेसेमियाच्या पोरांचा वरचा जबडा पुढं येतो, कारण हाडातला मगज रक्त तयार करायला धडपडून फुगतो. पोरं त्याला चिडवतात. ज्याची पानथरी काढली आहे त्याला जंतूंची बाधा लवकर चढते, त्याच्या दाताचा पू म्हणजे धावपळीचं काम. आणि कुणाच्या हिरड्या उगाच सुजल्या, रक्त थांबेना, अंगावर निळे डाग, थकवा, तर दातांची पावडर बदलू नका. रक्ताची तपासणी करा. रक्ताच्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी हिरडीतच दिसते.

टीबी. थुंकीत जंतू आहेत तोवर साधी कामं पुढं ढकलावी, हे बरोबर. दात साफ करायचं यंत्र फवारा उडवतं, तो खोलीत तरंगतो. पण तोंड सुजलंय, पू आहे, रात्र रात्र झोप नाही, अशाला ढकलता येत नाही. त्याला दिवसाच्या शेवटी बोलवा, खिडक्या उघडा, एन-९५ बांधा, हातानं काम करा, फवारा टाळा. औषध नीट चालू आहे आणि थुंकी स्वच्छ झाली आहे अशा माणसाला तर नकार द्यायला कारणच उरत नाही. तरी देतात. टीबी शब्द ऐकला की सहा महिन्यांपूर्वी बरा झालेलाही त्यांना खोकताना दिसतो.

दमेकऱ्यानं पंप सोबत ठेवावा, खुर्चीशेजारी. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी चढते. ॲस्पिरिननं दमा उसळत असेल तर आधी सांगावं. ज्याचं फुफ्फुस धुळीनं गेलं आहे त्याला खुर्चीत सपाट आडवं करायचं नाही. पाठ उभी ठेवून काम करायचं. बस. यात अवघड काय आहे? खुर्चीची एक कळ दाबायची असते.

४

म्हणजे डॉक्टरची भीती खरी, पण तिच्यातून काढलेला निकाल खोटा. धोका आहे म्हणून तयारी करायची असते. इथं धोका आहे म्हणून माणूस परत पाठवतात.

आणि कसा पाठवतात ते बघा. आमच्या भागातला एक पोरगा. वय सोळा, सिकलसेल एसएस. बाप पॉलिशच्या गाळ्यात. खालची दाढ सडली. गल्लीतल्या दातवाल्यानं सांगितलं, फिजिशियनची चिठ्ठी आणा. फिजिशियन म्हणाला, हे रक्ताचं काम, रक्तवाल्याची चिठ्ठी आणा. रक्तवाला दक्षिण मुंबईत. तिथं दिवस ठरलेला, तो कालच गेलेला. पुढच्या आठवड्यात गेला तर म्हणाले, ताजा रिपोर्ट आणा. रिपोर्ट आला तर म्हणाले, दाताच्या डॉक्टरनं नेमकं काय करायचंय ते लिहून आणा. पोरगा आणि बाप पुन्हा गल्लीत. दातवाला म्हणाला, हे माझ्याकडे होणारच नाही, मोठ्या ठिकाणी जा. तोवर गाल फुटबॉलसारखा. ताप. मग हाडांच्या कळा. मग ॲडमिट. वॉर्डातल्या एका डॉक्टरनं दुसऱ्याला फोन केला, दोघं पाच मिनिटं बोलले, आणि ताप उतरल्यावर दाढ निघाली. वीस मिनिटं लागली.

जे बोलणं शेवटी पाच मिनिटांत झालं ते पहिल्या दिवशी का झालं नाही? फोन तर सगळ्यांकडे होता. दोन डॉक्टरांच्या मधला टपाल्या म्हणून एका आजारी पोराला आणि रोज बुडवलेल्या बापाला का पळवलं?

आठवा तो थर्मामीटर. डॉक्टरच्या हातातून त्याच्या हातात, त्याच्या हातातून ह्याच्या हातात, मग रोग्याला. परत त्याच वाटेनं. हातोहात फिरणारी चिठ्ठी हा आजचा थर्मामीटर आहे. प्रत्येक जण आपलं काम करतो. कुणीच हात लावत नाही. आणि पोरगं मेलं तर कुणाच्याच कागदावर नकार लिहिलेला सापडत नाही.

भाईंदरहून या चिठ्ठीचा प्रवासही मोजा. महापालिकेचं नायर डेंटल कॉलेज, १९३३ पासूनचं, मुंबई सेंट्रलला. सरकारी डेंटल कॉलेज फोर्टात. रक्ताच्या आजारांसाठी केईएम, म्हणजे प्रभादेवीला उतरून परळ. टीबीचं इस्पितळ शिवडीला, गाडी बदलून. थॅलेसेमियाच्या पोरांसाठी मुंबई महापालिकेनं बोरिवलीला केंद्र काढलं, तेवढंच काय ते जवळ. आणि आपला जिल्हा ठाणे. भाईंदरहून ठाण्याला सरळ रेल्वे नाही. घोडबंदर रोडच्या गर्दीत बसमध्ये बसा. दम लागणाऱ्या माणसानं विरारहून भरून येणाऱ्या लोकलला लटकून दाढ काढायला जायचं, ही कुठल्या आरोग्यशास्त्रातली कल्पना?

याचा शेवट काय होतो? माणूस शहाणा होतो. तो सिकलसेलचं कार्ड घरी ठेवतो. टीबीच्या गोळ्यांचं नाव काढत नाही. हिमोफिलिया आहे हे सांगत नाही. आजार काही? नाय डॉक्टर, कायबी नाय. आणि मग खुर्चीत नायतर रात्री घरी रक्त थांबत नाही. ज्या नकारानं डॉक्टरला धोका टाळायचा होता, त्याच नकारानं धोका त्याच्या खुर्चीत आणून बसवला. खरं बोलणाऱ्याला बाहेर काढलं की खोटं बोलणाराच आत येतो. हे सांगायला एमडी व्हावं लागत नाही.

५

आता जरा आपल्या चळवळीकडे वळतो. राग आला तर येऊ द्या.

१९६६ साली अमेरिकेत ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली. बंदूक खांद्यावर घेतलेले फोटो आपण सगळ्यांनी बघितले. पण त्या पँथरांनी आणखी काय केलं? लोकांचे फुकट दवाखाने काढले. आणि १९७१-७२ मध्ये काळ्यांच्या वस्त्यांत दारोदार जाऊन बोटाला सुई टोचून सिकलसेल तपासला. तोच रोग. त्यांचं म्हणणं सरळ होतं : हा रोग आमच्यात आहे म्हणून गोऱ्या सरकारनं त्याच्याकडे बघितलं नाही. गवगवा इतका झाला की १९७२ साली निक्सनच्या सरकारला सिकलसेलचा कायदा करावा लागला. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव तिकडूनच घेतलं. आणि ज्या रोगासाठी तिकडचा पँथर सुई घेऊन दारोदार फिरत होता, तो रोग विदर्भात आपल्याच घरांत होता; डॉक्टरांना तो नागपुरात १९५० च्या दशकातच सापडला होता. नाव समुद्र ओलांडून आलं. सुईची पिशवी बंदरावरच राहिली. ती आता कुणीतरी सोडवून आणली पाहिजे.

त्याऐवजी काय चालतं? १४ एप्रिलला आरोग्य शिबिर. मंडपावर नगरसेवकाचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोएवढा. रांगेत उभं राहून तोंड उघडायचं, डॉक्टर बॅटरी मारणार, 'दोन दाढा किडल्यात' म्हणणार, हातात टूथपेस्टची ट्यूब देणार. पुढं कुठं जायचं? ते ट्यूबवर लिहिलेलं नसतं. हे शिबिर नव्हे, हा तमाशा आहे. तमाशात निदान ढोलकी तरी खरी असते.

सरकारचंही तेच. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत रोग हटवायचा. तपासणी व्हायलाच पाहिजे, आपण ती मागितलीच पाहिजे. पण ज्याला रोग आहे तो आज जिवंत आहे आणि त्याची दाढ आज दुखते. २०४७ पर्यंत त्यानं कोणत्या बाजूनं चावायचं? टीबी तर २०२५ पर्यंत हटवणार होते. २०२५ गेलं, टीबी वस्तीतच आहे. पेशंटला पोषणासाठी महिना ५०० देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. चांगलं झालं. पण ज्याच्या दाढा गेल्या त्यानं त्या हजाराचे शेंगदाणे कशानं चावायचे? आयुष्मानचं कार्ड इस्पितळात भरती होणाऱ्याला. दाढेत सिमेंट भरायला ते चालत नाही. म्हणजे दाढ भरून घ्यायची असेल तर पदरचे पैसे, आणि ती सडून विष अंगात पसरलं की मग सरकार. आधी कुजू द्या, मग बघू, हे धोरण कुणासाठी आखलंय ते सांगायला पाहिजे का?

६

हातात काही नाही असं समजू नका. कायदा आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तिन्ही रक्ताचे आजार धरले आहेत. त्याच्या कलम २५ मध्ये अशा माणसाला तपासणीत आणि उपचारात प्राधान्य द्यायला सांगितलं आहे. प्राधान्य! आणि आपण मागच्या बाकावर बसून चिठ्ठ्या मोजतो. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात, कलम ५, अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणं हा गुन्हा आहे. आणि १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की जीव धोक्यात असलेल्या माणसावर उपचार करणं हे सरकारी-खाजगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. पण तोंडी नकारापुढं कायदा आंधळा. चिठ्ठी नकाराची असते, पण तिच्यावर नकार हा शब्द नसतो. तो लिहून घेणं हेच पहिलं काम.

म्हणून मीरा-भाईंदरच्या पोरांनो, मागण्या अशा.

एक. शहरात सरकारचा किंवा महापालिकेचा जो कुठला दवाखाना दाताची खुर्ची चालवतो, तिथं आठवड्यातला एक ठरलेला दिवस रक्ताच्या आणि फुफ्फुसाच्या रोग्यांसाठी. दिवस आणि वेळ दारावर मराठी-हिंदीत लिहिलेली.

दोन. चिठ्ठी रोग्यानं वाहायची नाही. दाताच्या डॉक्टरनं रक्ताच्या किंवा छातीच्या डॉक्टरला स्वतः फोन करायचा आणि काय ठरलं ते केसपेपरवर लिहायचं. पाठवायचंच असेल तर तारीख ठरवून, माणसाचं नाव लिहून पाठवायचं.

तीन. त्या दवाखान्यात ट्रानेक्झामिक ॲसिड, टाक्यांचं सामान, प्राणवायूची नळकांडी आणि एन-९५ कायम हजर. फॅक्टर कुठून, किती वेळात येणार हे आधी ठरलेलं.

चार. टीबीचं औषध सुरू करतानाच दात तपासायचे. सिकलसेलचं कार्ड देताना पण. दाढ किडायच्या आधी भरली तर काढावी लागत नाही. काढावी लागली नाही तर रक्ताचा प्रश्नच येत नाही. सगळ्यात स्वस्त उपाय हाच आणि तोच कुणी करत नाही.

पाच. नकार द्यायचा तर लेखी द्या. कारण, तारीख, सही. खाजगी असो की सरकारी. छोट्या दवाखान्यात खरंच सोय नसेल तर तेही लिहा. आम्ही भांडायला बसलो नाही, पुढचा रस्ता विचारतोय.

सहा. कचरा उचलणाऱ्या, गटार साफ करणाऱ्या कंत्राटी कामगाराची वर्षातून एकदा छाती, रक्त आणि तोंड, तिन्ही तपासणी, भरपगारी. तपासणीचा कागद कंत्राटदाराच्या कपाटात नको, कामगाराच्या हातात पाहिजे.

आणि आपलं काम काय? प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. कुणाला सिकलसेल, कुणाला हिमोफिलिया, कुणाचा टीबीचा कोर्स चालू आहे, हे त्या माणसाला विचारून, त्याची परवानगी असेल तरच लिहा. ती वही कुणाला दाखवू नका, लग्न जमवणाऱ्यांना तर मुळीच नाही. आजार लपवू नका हे सांगा, कारण लपवलेला आजार खुर्चीत जीव घेतो. दाढ दुखतेय असं कुणी म्हटलं की त्याच्यासोबत जा. एकटा माणूस खिडकीवर पेशंट असतो. सोबत दोघं असले की तो नागरिक होतो. डॉक्टरशी अरेरावी करू नका. त्याला विचारा, डॉक्टर, तुम्हाला काय पाहिजे? फॅक्टर पाहिजे? रिपोर्ट पाहिजे? फोन नंबर पाहिजे? आणून देतो. मग कराल ना? जो 'हो' म्हणेल त्याचं नाव वस्तीत सांगा. जो तरीही 'नाही' म्हणेल त्याच्यापुढं कोरा कागद ठेवा आणि म्हणा, लिहा.

डेंटल कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींना वेगळं सांगायचं आहे. तुमच्या हातात आज हातमोजा आहे. ज्या तोंडाला पेशव्यांनी मडकं बांधलं त्या तोंडाच्या घरातून तुम्ही आलात. सिकलसेलचं पान परीक्षेपुरतं वाचू नका. आठवड्यातला एक दिवस भाईंदरला या. खुर्ची आम्ही मागून घेतो, हात तुम्ही आणा.

येत्या १४ एप्रिलला मंडपात टूथपेस्टची ट्यूब देणारा भेटला की ट्यूब परत करा आणि वरच्या सहा मागण्यांचा कागद त्याच्या हातात द्या. पोच घ्यायला विसरू नका.

जयभीम.